लस घेतल्यानंतर, की लसीमुळे?



२८ जानेवारी २०२१. कोविडची लस नुकतीच आली होती आणि पहिल्या रांगेत डॉक्टर, नर्स, सफाई कामगार उभे होते. त्या रांगेत आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका कुटुंबातली डॉक्टर मुलगीही होती. तिने कोविशिल्ड घेतली. काही दिवसांत डोके असह्य दुखू लागले, पुढे मेंदूत गुठळी आणि रक्तस्राव निघाला. १ मार्चला ती गेली. २ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारच्याच समितीने तिचा मृत्यू लसीच्या दुष्परिणामामुळे झाल्याचे नोंदवले. वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात एक हजार कोटी रुपयांच्या भरपाईची याचिका केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट, केंद्र, राज्य व इतरांना नोटिसा काढल्या. बातम्यांत नावे आली आहेत. आम्ही ती इथे मुद्दाम देत नाही, घरचे दुःख त्यांचे आहे.

पण प्रकरण समजून घेणे आपल्या कामाचे आहे. शिकलेले कुटुंब, मुलगी स्वतः डॉक्टर, हातात सगळे रिपोर्ट, वर सरकारी समितीचा निष्कर्ष. तरीही भरपाईसाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. मग मिलिंदनगर किंवा मुकुंदवाडीतल्या ज्या घरात केसपेपर पावसाळ्यात पत्र्याखाली भिजून जातो, त्या घराने काय करायचे?

हा प्रश्न आम्हाला गेल्या वर्षी एका माऊलीने विचारला. तिच्या तीन महिन्यांच्या बाळाला डोस दिला त्या रात्री ताप चढला आणि झटका आला. जवळच्या खासगी दवाखान्यात नेले, बाळ वाचले, आज खेळते आहे. पण दवाखान्याच्या कागदावर एवढेच होते: ताप, झटका. सकाळी लस दिली होती हा शब्दच कुठे नव्हता. "मी सांगितलं होतं ओ डॉक्टरला," ती म्हणाली. सांगितले असणारच. लिहिले गेले नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर या पानाचा भलताच अर्थ निघेल. लस नको असे आम्ही म्हणत नाही. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडीत गोवराने मुले दगावली, ती आपल्यासारख्याच दाट वस्त्यांतली होती आणि त्यांतल्या बहुतेकांचे डोस राहिलेले होते. सावित्रीमाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती, पण ती लोकांपर्यंत पोचायला वेळ लागला. लस नसलेले जग कसे असते ते आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिले आहे. म्हणूनच, लाखांत एखाद्याला लसीने इजा झाली तर त्याचा भार सगळ्यांनी मिळून उचलायला हवा, तो एकट्या त्या घरावर पडू नये, असे आमचे म्हणणे आहे.

आता मूळ मुद्दा. धम्मवर्गात आपण प्रतीत्यसमुत्पाद शिकतो. कारण असेल तर परिणाम होतो, कारण काढून घेतले तर परिणाम उरत नाही. त्यातला दुसरा भाग आपण पटकन विसरतो. सकाळी लस घेतली, संध्याकाळी त्रास झाला, म्हणजे लसीमुळेच झाला असे मन म्हणते. पण तपासायचा प्रश्न वेगळा आहे: लस घेतली नसती, तरीही हे झाले असते का?

समजा एका शहरात वर्षाला ३६५ जणांना एखादा आजार होतो, म्हणजे रोज सरासरी एकाला. उद्या त्या शहरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लस टोचली, तर पुढच्या सात दिवसांत लसीचा काही संबंध नसतानाही सातएक जणांना तो आजार होणारच होता. त्या सातही घरांत लोक म्हणतील, लस घेतली आणि आठवड्यात झाले. खोटे कोणीच बोलत नाही. म्हणून तज्ज्ञ पाहतात की सातचे वीस झाले का. आकडा वाढला असेल तर संशय पक्का होतो. पण मग नवा पेच उभा राहतो: या वीसमधले लसीमुळे झालेले तेरा कोणते आणि होणारच होते ते सात कोणते?

भरपाईच्या दाव्यातली खरी अडचण हीच. दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे आहेत. ही लस असा त्रास देऊ शकते का? आणि या माणसाला तो लसीनेच दिला का? पहिल्याचे उत्तर 'हो' आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयात अॅस्ट्राझेनेका कंपनीने लिहून दिले की त्यांच्या लसीने, म्हणजे आपल्याकडची कोविशिल्ड तीच, अगदी क्वचित प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट घटण्याचा आजार होऊ शकतो. आपल्याकडे लगेच मथळे आले की कंपनीने कबूल केले. पण त्याच कागदात पुढे असेही होते की हा आजार लस न घेताही होतो आणि प्रत्येक माणसाचे प्रकरण तज्ज्ञांच्या साक्षीनेच ठरेल. पहिल्या प्रश्नाला हो, दुसऱ्याला 'सिद्ध करा'.

त्या आजाराचे मात्र एक बरे आहे, त्याची स्वतःची खूण असते. सहसा लसीनंतर चौथ्या ते बेचाळिसाव्या दिवसांत तो सुरू होतो. गुठळी होते आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात. ही जोडी एरवी सहसा दिसत नाही. शिवाय रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड सापडतो. मे २०२१ मध्ये केंद्राने सांगितले होते की ४९८ गंभीर घटना तपासल्या, त्यांत कोविशिल्डनंतर गुठळ्यांची शक्यता असलेल्या २६ निघाल्या, म्हणजे दर दहा लाख डोसमागे ०.६१. प्रमाण फार थोडे आहे. पण खूण ठळक असल्याने, वेळेवर रक्त तपासले गेले असेल तर कारण दाखवता येते. साध्या हृदयविकाराच्या झटक्याला अशी खूण नाही. म्हणून तिथे घरच्यांचे बोलणे खरे असूनही सिद्ध होत नाही. खुणेची तपासणीही त्याच दिवसांत व्हावी लागते. डोकेदुखीला गोळी देऊन घरी पाठवले आणि साधी सीबीसी झाली नाही, तर ती खूण नंतर कुठेच सापडत नाही.

एका बाटलीची गोष्ट

कारण शोधणे म्हणजे काय, हे आपल्याच मुंबईच्या एका जुन्या प्रकरणातून फार चांगले कळते. म्हणून थोडे लांबून सांगतो.

१९०२ च्या ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना हाफकिन यांची प्लेगची लस टोचली. काही दिवसांत १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत बनली होती. चौकशी बसली, दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना कामावरून दूर केले. लसीनंतर मेले, लस मुंबईची, म्हणजे चूक मुंबईची, असा तो हिशोब होता.

पण नोंदी होत्या. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. दगावलेले एकोणीसही जण एकाच बाटलीतले होते, बाकी बाटल्यांतल्या कोणालाही काही झाले नव्हते. म्हणजे लसीचे द्रव्य वाईट नव्हते, त्या एका बाटलीत काहीतरी शिरले होते. कुठे शिरले, मुंबईत भरताना की गावात उघडताना? बाटली भरून एक्केचाळीस दिवस झाले होते. तेव्हापासून आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर उघडताना दुर्गंधी यायला हवी होती. उघडणाऱ्या डॉक्टरने वास घेऊन पाहिला होता, दुर्गंधी नव्हती. आणि मग कळले की त्या बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. पाच वर्षे गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे हाफकिन यांच्या बाजूने बोलले आणि ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. परळची हाफकिन संस्था ती हीच.

या सगळ्यात निर्णायक काय ठरले? कोणती बाटली, कोणाला, कधी, कोणी उघडली. रजिस्टरात लिहिलेल्या चार गोष्टी. एकोणीस घरांना मात्र त्यातून काय मिळाले हे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. शास्त्रज्ञावरचा डाग कसा पुसला, तेवढेच येते.

आपल्या राज्यातले अलीकडचे उदाहरण यवतमाळचे. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांच्या तोंडात हात धुण्याचे सॅनिटायझर गेले. मुले बचावली, तीन कर्मचारी निलंबित झाले. इथे कारण शोधायला वैज्ञानिक लागला नाही, कारण बाटली समोर होती आणि एकाच केंद्रावरच्या बारा मुलांना एकाच वेळी उलट्या झाल्या. एकट्या मुलाला झाले असते तर कोणी विश्वास ठेवला असता का, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

समितीचे वर्ग काय सांगतात

लसीनंतर गंभीर त्रास झाला, म्हणजे मृत्यू, रुग्णालयात भरती किंवा अपंगत्व आले, तर त्याची नोंद आरोग्य खात्याने 'लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना' म्हणून करायची असते. आपल्या केंद्रावरच्या सिस्टर आणि डॉक्टर तिला एईएफआय म्हणतात. हाच शब्द तुम्हीही वापरा, लगेच काम कळते. कळल्यापासून २४ तासांत प्राथमिक नोंद जिल्ह्याला जायला हवी, मग जिल्हा समिती तपास करते, पुढे राज्य आणि राष्ट्रीय समिती. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने त्या घटनेला एक वर्ग मिळतो.

'अ' म्हणजे लसीशी कारणसंबंध जुळतो. त्यात पोटभाग आहेत: लसीच्या द्रव्यामुळे, लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, देण्यातल्या चुकीमुळे (यवतमाळ याच प्रकारचे), आणि टोचण्याच्या भीती-ताणामुळे आलेली चक्कर वगैरे. शाळेत लसीनंतर मुली एकापाठोपाठ एक बेशुद्ध पडतात तेव्हा लोक म्हणतात नाटक करतात. ते नाटक नसते, समितीच्या यादीत त्याला जागा आहे. 'ब' म्हणजे अनिश्चित: वेळ जुळते पण पुरावा पुरेसा नाही, किंवा पुरावे दोन्ही बाजूंनी आहेत. 'क' म्हणजे योगायोग, कारण दुसरेच सापडले. 'ड' म्हणजे वर्गच करता आला नाही, कारण माहिती अपुरी.

जून २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीने कोविड लसीनंतरच्या ३१ गंभीर घटनांचा निकाल जाहीर केला. १८ योगायोग, ७ अनिश्चित, ३ लसीच्या द्रव्यामुळे, १ भीती-ताणामुळे, २ अवर्गीकृत. त्या तिघांपैकी एक ६८ वर्षांचे गृहस्थ होते, ८ मार्चला लस घेतल्यावर तीव्र अॅलर्जी होऊन वारले. बाकी दोघे उपचाराने बरे झाले. लसीनंतर अर्धा तास केंद्रावर बसायला सांगतात ते याच अॅलर्जीसाठी. कामावर जायची घाई असली तरी तेवढे बसा.

'ब' आणि 'ड' यांबद्दल आमचे स्पष्ट मत आहे. हातात तसा कागद आला की घरचे समजतात, सरकारने लसीला निर्दोष सोडले. तसे नाही. 'ड' म्हणजे तुमची फाइल अपुरी आहे. कोणती माहिती कमी पडली हे समितीने लिहायचे असते, ते विचारून घ्या आणि ती द्या. फाइल अपुरी राहण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शवविच्छेदन न होणे. "आता आणखी चिरफाड नको" हे कोणत्याही आईबापाचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण आपल्या धम्मात त्याला आडकाठी नाही, आपल्यातले कितीतरी जण देहदान करतात. लस घेतल्यावर काही दिवसांत तरुण माणूस किंवा मूल गेले तर शवविच्छेदन मागाच. अंत्यसंस्कार होऊन गेला असेल तर अधिकारी घरी येऊन प्रश्नावली भरतात, तिथे तारखा आणि तास नीट सांगा. त्या प्रश्नावलीवर बरेच काही ठरते.

वर्ग मिळाला म्हणजे भरपाई मिळाली असे नाही, हेही समजून घ्या. समिती रोगाचे कारण सांगते. पैसे कोणी द्यायचे, ते तिच्या कक्षेत नाही.

मग पैसे कोणी द्यायचे?

सर्वोच्च न्यायालयात दोन मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेवर केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये शपथपत्र दिले. म्हणणे असे: लस ऐच्छिक होती, दुष्परिणामांची माहिती उपलब्ध होती, त्यामुळे सरकारला थेट जबाबदार धरता येत नाही, ज्याला भरपाई हवी त्याने दिवाणी न्यायालयात किंवा ग्राहक मंचात जावे.

ऐच्छिक! नोव्हेंबर २०२१ आठवा. आपल्या जिल्ह्यात आदेश निघाला होता की किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन दुकानातून धान्य नाही, पंपावर पेट्रोल नाही, गॅस नाही. ज्याच्या घरात आठवड्याचा दाणा भरलेला आहे त्याला लस ऐच्छिक होती. रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याला नव्हती. लोकांनी डोस घ्यावा हा त्यामागचा हेतू चांगला होता, तो आम्हालाही मान्य आहे. पण सक्ती करायची आणि इजा झाल्यावर 'तुम्ही आपखुशीने आलात' म्हणायचे, हे एकत्र बसत नाही. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की संविधानाच्या कलम २१ नुसार कोणालाही जबरदस्तीने लस देता येत नाही. त्या खंडपीठावर न्या. नागेश्वर राव आणि पुढे सरन्यायाधीश झालेले आपले न्या. भूषण गवई होते. त्याच निकालात लसीच्या दुष्परिणामांची नोंद सामान्य माणसालाही करता यावी, अशी व्यवस्था उभारायला सरकारला सांगितले गेले. भरपाईच्या दाव्यांना पुढे याच नोंदींचा आधार मिळू शकतो.

आता ग्राहक मंचाचे पाहू. १९९५ च्या एका प्रसिद्ध निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जे रुग्णालय सगळ्यांनाच फुकट सेवा देते, त्या सेवेवर ग्राहक कायदा लागत नाही. म्हणजे २०२१ मध्ये खासगी रुग्णालयात सातशे-आठशे रुपये मोजून कोविशिल्ड घेणाऱ्याला ग्राहक मंचाचे दार उघडे. पालिकेच्या केंद्रावर फुकट घेणाऱ्यासमोर 'तुम्ही ग्राहकच नाही' हा आक्षेप उभा राहू शकतो. आपल्या वस्तीतले जवळजवळ सगळे डोस फुकटचे. जाणकार वकिलाला हे आधीच विचारा, कारण ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षांची आहे आणि चुकीच्या दारात ती निघून जाते.

उच्च न्यायालय कलम २२६ खाली भरपाई देऊ शकते, पण जिथे घटनेबद्दलच वाद आहे तिथे ते सहसा दिवाणी कोर्टाकडे पाठवते. म्हणून समितीचा 'अ' वर्ग मोलाचा. कारण सरकारच्याच तज्ज्ञांनी मान्य केले असेल तर घटनेबद्दल वाद उरत नाही, जबाबदारीचा तेवढा उरतो. दिवाणी कोर्टात पुराव्याचा बोजा मागणाऱ्यावर असतो. तिथे फौजदारी खटल्याइतकी खात्री लागत नाही, 'नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त' एवढे पटले तरी पुरते. हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. "डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाहीत" असे ऐकले की लोक फाइल बंद करतात. खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. शक्यता जास्त आहे का, असे डॉक्टरला विचारा.

बाहेरच्या देशांनी हा बोजा हलका करायचे मार्ग काढले आहेत. ब्रिटनमध्ये १९७९ पासून योजना आहे, चूक कोणाची हे न विचारता एकरकमी १ लाख २० हजार पौंड मिळतात, पण अपंगत्व ६० टक्के असावे लागते आणि अनेकांचे अर्ज तिथेच अडतात. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने मुलांच्या लसींसाठी निधी केला, लसीतल्या प्रत्येक रोगामागे पाऊण डॉलर कर कंपनीकडून त्यात जातो. कोणती लस, कोणती इजा, किती दिवसांत, याचा तिथे तक्ता आहे. तक्त्यात बसले तर कारण गृहीत धरतात आणि उलट सिद्ध करायचे काम सरकारचे. तक्त्यात नसेल तर तीन गोष्टी दाखवायच्या: असे होऊ शकते हे सांगणारा वैद्यकीय आधार, या रुग्णात तसेच घडल्याची साखळी, आणि जुळणारी वेळ. २०१७ मध्ये युरोपच्या न्यायालयानेही म्हटले की विज्ञानाचे एकमत नसले तरी गंभीर, नेमके आणि एकमेकांशी जुळणारे पुरावे असतील तर न्यायाधीश कारण मान्य करू शकतो. आणि आपल्याकडे? औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला इजा झाली तर २०१९ च्या नियमांत भरपाईचे सूत्र आहे. चाचणी संपून तीच लस करोडो लोकांना दिली गेली की ते सूत्र लागू होत नाही. आम्हाला हे उलटे वाटते.

त्या माऊलीकडे परत येतो, कारण घरात काय करायचे ते तिच्यासोबत फिरतानाच आम्ही शिकलो. आधी दवाखान्यात परत गेलो आणि डॉक्टरांना विनंती केली की लसीची तारीख व वेळ केसपेपरवर नोंदवा. त्यांनी आजच्या तारखेने पुरवणी नोंद करून दिली. जुना कागद खाडाखोड करून बदलायला सांगू नका, त्याने पुरावाच बिघडतो. मग बाळाचे लसीचे कार्ड काढले. त्यावर तारीख होती, बॅच नंबर नव्हता. कोविडच्या प्रमाणपत्रावर बॅच नंबर छापलेला असतो, बाळांच्या कार्डावर बहुधा नसतो. पण त्या दिवशी कोणत्या बॅचच्या बाटल्या केंद्रावर आल्या हे साठा रजिस्टरात असतेच. सिस्टरने तोंडी सांगितले तर वहीत लिहून घ्या. नाही सांगितले तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाही, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. अर्जात तीन गोष्टी मागा: त्या तारखेचा बॅच नंबर, एईएफआय नोंद झाली असल्यास तिचा क्रमांक, आणि समितीने दिलेला वर्ग व अहवालाची प्रत.

दुसरे, त्याच दिवशी त्याच केंद्रावर कोणाकोणाची बाळे होती ते आशाताईंना विचारा. बाळांच्या काही लसींच्या बाटलीत दहा डोस असतात. बाकीची मुले ठणठणीत असतील तर बाटलीचा दोष नव्हता असे दिसते, आजारी असतील तर गोष्ट फार गंभीर आहे आणि त्याच तासाला वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगायला हवे. गोवर आणि बीसीजीच्या उघडलेल्या बाटल्या केंद्रावर साधारण ४८ तासच ठेवतात, मग नष्ट करतात. तेवढ्या वेळात सांगितले तर बाटली तपासणीला जाऊ शकते.

तिसरे, लस घेण्याआधीची तब्येत. बाळाला आधी कधी झटका आला होता का, घरात कोणाला मिरगी आहे का, मोठ्या माणसाला बीपी-शुगर होती का, हे लपवू नका. लपवलेले नंतर समोरच्या वकिलाच्या हाती सापडते, आणि मग खरे बोलणेही खोटे ठरते.

वकिलाच्या फीची भीती असेल तर हे वाचा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जात प्रमाणपत्र जोडा. प्रमाणपत्र अजून काढलेले नसेल तर अर्ज आईच्या नावाने करा, स्त्रीला ते लागतच नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात वेगळी समिती आहे, आणि १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे. जाताना मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या आणि पोच घ्या.

त्या बाळाची नोंद शेवटी झाली, सात महिने उशिरा. लसीनंतर चढलेल्या तापाने लहान बाळाला झटका येणे हे डॉक्टरांना माहीत असलेले आहे आणि बहुतेक वेळा त्याने पुढे काही बिघडत नाही, असे तज्ज्ञांनी तिला समजावले. पुढचा डोस रुग्णालयात देखरेखीखाली द्यायचे ठरले. तिने भरपाई मागितली नाही. तिला एवढेच हवे होते की कागदावर लिहिले जावे. आता ते कार्ड, केसपेपर आणि माहिती अधिकाराचे उत्तर तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बाबासाहेबांच्या फोटोमागच्या खिळ्याला टांगून ठेवले आहे.